साध्या शब्दांचे मास्तर : जेम्स मरे

गेल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गाला आम्ही भाषांतरासाठी इंग्रजीची दहा वाक्ये घातली होती. सूर्य पश्चिमेला मावळतो या अर्थाचे एक अगदी बाळबोध वाक्य त्यांत होते. एका मुलाच्या वहीत त्याचे मराठी निघाले ते असे, की सूर्याचे संच पश्चिमेला असतात. वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि लाल शाईने फुली मारून मोकळे झालो. मधल्या सुट्टीत तो मुलगा आपला खिशातला कोश घेऊन आला आणि काही न बोलता पान उघडून उभा राहिला. 'सेट' या शब्दापुढे तिथे तीनच अर्थ होते. संच, जोडी आणि टोळके. मावळणे हा अर्थ कोशकाराने घेतलाच नव्हता. पोराने त्याच्या परीने सर्व काही बरोबर केले होते. फुली खरे तर आम्हालाच मिळायला हवी होती, कारण तीस वर्षे इंग्रजी शिकवून 'सेट' हा शब्द आम्ही एकदाही धड शिकवला नव्हता. अवघड शब्दांची यादी फळ्यावर लिहून दिली की साधे शब्द मुलांना येतातच, असे आम्ही धरून चाललो होतो.

याच समजुतीशी आयुष्यभर झगडलेले एक शाळामास्तर इंग्रजी भाषेत होऊन गेले. त्यांचे नाव जेम्स ऑगस्टस हेन्री मरे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हे. भाषा विशेषांकात इंग्रज कोशकाराचे काय काम, असे कोणी विचारील. मरे इंग्रज नव्हते, स्कॉटिश होते, आणि त्यातही सीमेवरचे होते. एवढ्यावर आमच्या भागातील वाचक त्यांना परके मानणार नाही.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सरहद्दीलगत टेव्हियट नदीचे खोरे आहे. तिथल्या हॉइक गावाजवळ डेनम नावाचे लहानसे खेडे. तिथे ७ फेब्रुवारी १८३७ रोजी एका शिंप्याच्या घरी मरे यांचा जन्म झाला. नुसते जेम्स मरे. पंचक्रोशीत या नावाचे इतके जण होते, की पुढे अठराएक वर्षांचे असताना त्यांनी आपले आपणच ऑगस्टस आणि हेन्री ही दोन नावे मध्ये घालून घेतली. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. नंतर विद्यापीठात दाखल होऊन शिकण्याचा योग आलाच नाही. लंडन विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली ती छत्तिशीत, नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन. आमच्यापैकी कित्येक शिक्षकांनी बी. एड. असेच केले आहे.

मुलगा मात्र विलक्षण होता. हाती चिनी बायबलाचा भाग पडला तेव्हा अर्थ कळत नसताना ती अक्षरे त्याने गिरवून काढली. गुरे राखताना गाईंना लॅटिन नावांनी हाका मारून पाहिल्या. गाईंनी ओ दिल्याचे कोणी सांगत नाही. दगड, किडे, पाने, जुनी खंडहरे, तारे, जे दिसेल ते गोळा करायचे, त्यावर चिठ्ठी लावायची आणि वहीत नोंदवायचे, हा त्याचा छंद. सतराव्या वर्षी हॉइकच्या शाळेत सहायक शिक्षकाची जागा मिळाली आणि विसाव्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या एका शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. गावात पुराणवस्तू संशोधनाचे मंडळ स्थापन झाले त्यातही हा तरुण मास्तर पुढे होता. सभा, इतिवृत्त, वर्गणी यांची सवय त्यांना तेव्हापासूनची.

डेनमची घरगुती बोली एक आणि शाळेची इंग्रजी दुसरी. घरची बोली म्हणजे बिघडलेली इंग्रजी, ती शाळेत बोलायची नाही, असा तिथेही दंडक. मरे यांनी उलट वाट धरली. त्यांनी आपल्याच खोऱ्यातल्या बोलीचा उच्चारांसकट, व्याकरणासकट, जुन्या दस्तऐवजांच्या आधाराने अभ्यास केला. दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरचा त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये निघाला. सीमेच्या अलीकडची स्कॉटिश बोली आणि पलीकडची उत्तर इंग्लंडची जुनी बोली या मुळात एकच होत्या, भाषा आधीपासून होती आणि राज्यांची हद्द तिच्यातून नंतर गेली, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. सीमाभागातल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

१८६२ मध्ये मॅगी स्कॉट या संगीतशिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. मॅगीला क्षयाने घेरले आणि हवा बदलावी म्हणून मरे यांनी आवडती शाळा सोडून लंडन गाठले. तिथे चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या बँकेत परदेशी पत्रव्यवहाराच्या कारकुनीची नोकरी धरली. जाता-येता आगगाडीत हिंदुस्थानी भाषेचा अभ्यास चाले. रस्त्यावरच्या पोलिसाचे बोलणे ऐकून तो कोणत्या परगण्यातला हे ओळखण्याचा नाद होता. मॅगी फार काळ राहिली नाही. अखेरच्या दिवसांत वातात बरळताना शिक्षिकेची कमावलेली इंग्रजी तिच्या तोंडून गेली आणि लहानपणची ठेठ स्कॉटिश बोली बाहेर आली. हे मरे यांच्या मनावर कोरले गेले. बोलीवर व्याख्यान देताना त्यांनी या अनुभवाचा आधार घेतला. हा कोरडेपणा नव्हे, असे आमचे मत आहे. ज्याला शब्दांचे वेड लागले आहे तो दुःखही शब्दांच्या अंगानेच ऐकतो.

पुढे १८६७ मध्ये त्यांनी एडा रुथव्हेन हिच्याशी लग्न केले. तिचे वडील ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी, म्हणजे आपल्या मुंबईच्या जी. आय. पी.शी संबंधित होते. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे या लग्नात नवऱ्या मुलाचे पाठराखे. विजेचे पहिले धडे बेल यांनी मरे यांच्याकडून घेतले होते. एडाबाईंनी अकरा मुले वाढवली आणि नवऱ्याचा कारभारही सांभाळला. १८७० मध्ये मरे लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिक्षक झाले. त्यांना आपले सर्वांत सुखाचे दिवस तिथलेच वाटत. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भाषाभ्यासकांच्या मंडळात, त्यांची ऊठबस तेव्हा सुरू झालेली होती.

या मंडळाने १८५७ मध्ये एक समिती नेमली होती. कोशांत न आलेले शब्द गोळा करणे एवढेच तिचे काम. (मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती याच साली निघाली हे आम्ही टिपून ठेवले आहे.) समितीच्या लवकरच लक्षात आले, की ठिगळे लावून भागणार नाही, कोशच नवा हवा. प्रत्येक शब्द केव्हा जन्मला, कसा कसा बदलला, कोणत्या लेखकाने तो कोणत्या साली कसा वापरला, हे पुराव्यासह सांगणारा. हर्बर्ट कोलरिज हे पहिले संपादक काम सुरू झाले न झाले तोच १८६१ मध्ये तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेले फर्निव्हल हे उत्साहाचे पुतळे, पण एकावर टिकतील तर शपथ. वीस वर्षांत काम विस्कटून गेले. समित्यांचे असे होते, हे आम्ही समितीत राहूनच म्हणत आहोत.

अखेर १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार झाला आणि बेचाळीस वर्षांचे मरे मास्तर संपादक झाले. ठरले होते दहा वर्षे आणि चार खंड. शाळेची नोकरी चालूच ठेवायची आणि मदतनिसांचे पगार कराराच्या रकमेतून स्वतःच भागवायचे. घराच्या बागेत पन्हाळी पत्र्याची शेड उभी राहिली. तिला त्यांनी स्क्रिप्टोरियम असे भारदस्त नाव दिले. आत भिंतींना हजारावर खण. फर्निव्हल यांच्याकडून चिठ्ठ्यांची पोती येऊन पडली, वजन पावणेदोन टनांच्या घरात. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरीण पिलांसह नांदत होती. एका अक्षराच्या चिठ्ठ्या थेट इटलीत निघाल्या. दुसऱ्या एका भागाच्या आयर्लंडमध्ये चूल पेटवण्यात खर्ची पडल्या होत्या.

चिठ्ठी म्हणजे वहीच्या अर्ध्या पानाएवढा कागद. कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, ग्रंथ, पान आणि तो शब्द ज्यात आला ते संपूर्ण वाक्य. अशा चिठ्ठ्या इंग्रजी वाचणाऱ्या कोणीही लिहून पाठवाव्यात असे जाहीर आवाहन मरे यांनी १८७९ मध्ये छापून वाटले आणि शेकडो वाचक बिनपगारी कामाला लागले. पुढे चिठ्ठ्यांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास गेली.

आणि इथेच खरी मेख होती. जुन्या चिठ्ठ्या लावताना मरे यांच्या ध्यानात आले, की वाचकांनी नेमके चुकीचे टिपले आहे. पुस्तक वाचताना जो शब्द डोळ्याला खुपला, जो विचित्र, जुनाट किंवा दुर्मिळ वाटला तो प्रत्येकाने उतरवून घेतला. जो रोजचा होता त्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही. 'अब्यूज' हा शब्द इंग्रजीत पावलोपावली भेटतो. त्याच्या पाच चिठ्ठ्याही मिळेनात. 'अब्यूजन' हे त्याचेच एक मागे पडलेले रूप, त्याच्या मात्र पन्नासएक! मग नव्याने सूचना गेल्या, की साधे शब्दही टिपा, साधे शब्द आधी टिपा. शिवाय मरे आणि त्यांचे मदतनीस स्वतः ग्रंथ उलटून रोजच्या शब्दांची वाक्ये हुडकत बसले. घरात दिवा असावा आणि त्याच्याच उजेडात दिवा शोधावा, तसा तो प्रकार.

इथे आमची स्वतःची कबुली द्यायला हवी. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालय समितीने या भागातले मराठी शब्द गोळा करायचे ठरवले. पेटी ठेवली, शाळांतून कागद वाटले. चांगले सव्वातीनशे कागद जमले. त्यांत जुनी मापे होती, शेतीच्या अवजारांची नावे होती, आजीच्या म्हणी होत्या, कानडीतून आलेले आणि आता थोड्यांच्याच तोंडी उरलेले शब्द होते. सर्व मोलाचे. परंतु बसणे, लागणे, पडणे, येणे, घेणे यांपैकी एकाचाही एकसुद्धा कागद नव्हता. आम्ही तीन सभासदांनी निवड केली आणि तिघांच्याही हे लक्षात आले नाही. मरे यांचे चरित्र वाचताना 'अब्यूजन'ची हकीकत आली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसून राहिलो.

साध्या शब्दाच्या चिठ्ठ्या जमल्या तरी पुढचे काम सोपे नसे. अर्थ आधी ठरवायचा आणि वाक्ये त्याखाली कोंबायची, ही मरे यांची रीत नव्हे. आधी वाक्ये पाहायची, सारख्या वापराच्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या, मग त्या ढिगाला काय म्हणावे हे ठरवायचे, आणि मग कोणता ढीग कोणत्या ढिगातून फुटला याचा माग काढायचा. 'अबव्ह' म्हणजे वर, यापलीकडे त्यात काय असणार असे आपल्याला वाटते. अशा एका शब्दाचे वीस, तीस, चाळीस ढीग टेबलावर किंवा जमिनीवर पसरून बुद्धिबळाच्या पटासारखे तासन् तास हलवत बसावे लागते, असा आपला अनुभव त्यांनी मंडळापुढील भाषणात मांडला होता. दुर्मिळ शब्द एका चिठ्ठीत संपतो. रोजचा शब्द मात्र हजार वर्षे लोकांच्या तोंडात फिरलेला असतो, आणि प्रत्येक पिढीने त्याला थोडा थोडा वळवलेला असतो.

'सेट'चेच पाहा. ही नोंद मरे यांच्या हातची नाही. त्यांचे सहकारी हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आलेल्या अक्षरात ती आहे. पण पद्धत मरे यांची, आणि ती छापली गेली तेव्हा मरे हयात होते. एकट्या 'सेट' या क्रियापदाची नुसती मांडणी करायला चाळीस दिवस लागले. नोंद अठरा मोठ्या पानांहून अधिक झाली. मुख्य विभाग १५४. त्यांतल्या शेवटच्या, 'सेट अप' या विभागाच्या पोटकलमांना अ, ब, क अशी अक्षरे देता देता इंग्रजी वर्णमाला संपली, म्हणून दुहेरी अक्षरे सुरू करावी लागली. ती पोटकलमे ४४ भरली.

एवढे अर्थ पाठ कोण करणार? करूच नयेत. मूळ धरले की पुष्कळसे उलगडते. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखीच ती जोडी आहे आणि हजार वर्षांहून जुनी आहे. आता मराठी कानाने ऐका. निखळलेले हाड बसवतात, तिथे इंग्रजीत 'सेट'. अंगठीत खडा बसवतात, तिथे 'सेट'. कोंबडी अंड्यांवर बसवतात, तिथेही 'सेट'. छापखान्यात खिळे जुळवत, ते 'सेट'. सूर्य दिवसभर चालून क्षितिजाखाली जाऊन बसतो, तेव्हा इंग्रजीत तो 'सेट' होतो. आमच्या त्या विद्यार्थ्याला एवढे एक वाक्य आधी सांगितले असते तर संच घेऊन तो पश्चिमेला गेलाच नसता.

मग बसवणे संपते आणि आपले लागणे-लावणे सुरू होते. घड्याळ लावणे, आग लावणे, रोप लावणे, दही लागणे, पावसाळा लागणे, कामाला लागणे, या सर्वांना इंग्रजीत 'सेट' चालतो, कधी एकटा तर कधी 'इन', 'अबाउट' असे शेपूट घेऊन. शेपूट बदलले की स्वभाव बदलतो. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे, तेच फटाका उडवणे, आणि हिशेबात तेच एका रकमेपुढे दुसरी वळती करणे. आम्हां मास्तरांना प्रश्नपत्रिका काढण्याचे काम येते तेव्हा आम्ही पेपर 'सेट' करतो. प्रश्न काढायचे तर त्याला बसवणे का म्हणावे, हे कोडे मात्र आम्ही अजून सोडवत आहोत. बहुधा मुलांपुढे मांडून ठेवणे हा भाव असावा.

आणि संच? तो या घरातला नव्हेच. समूह या अर्थाचा 'सेट' हे वेगळे नाम आहे. ते जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'सेक्टा'मध्ये, म्हणजे पंथ किंवा अनुयायांच्या जमावात आहे. दोन घरचे दोन जण एकाच नावाचे निघाले आणि इतकी वर्षे शेजारी राहिले, की आता एकमेकांच्या वस्तू वापरतात. आपला चहाचा सेट किंवा दागिन्यांचा सेट हा त्या दुसऱ्या घरचा. सिनेमाचा उभारलेला सेट पहिल्या घरचा. आणि मुलगा नोकरीला लागून पुण्याला सेट झाला असे आपण म्हणतो, तो तर आपणच तयार केलेला. मरे यांनी त्याचीही चिठ्ठी मागितली असती, याविषयी आम्हाला शंका नाही.

मरे यांच्या स्वतःच्या वाट्याला 'डू', 'कम', 'हॅव', 'पुट', 'टेक' असे शब्द आले. एकेक शब्द म्हणजे एकेक डोंगर. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला तो ३५२ पानांचा आणि मजल 'अँट' म्हणजे मुंगीपर्यंत. करार होऊन पाच वर्षे झाली होती! १८८५ मध्ये शाळेची नोकरी सोडून ते ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवर राहायला गेले. तिथे पत्र्याची नवी शेड बांधायची तर शेजारच्या प्राध्यापकांच्या खिडकीतून देखावा बिघडतो, अशी तक्रार आली. म्हणून ती तीनेक फूट जमिनीत खाली घेतली. परिणामी ओल, कुंद हवा आणि कायमचे पडसे. थंडीत जाड कोट घालून आणि पाय खोक्यात ठेवून मरे काम करत. पांढरी दाढी, डोक्यावर एडिनबरोने दिलेल्या डॉक्टरेटची टोपी. पत्रव्यवहार एवढा, की टपाल खात्याने घरासमोरच पेटी बसवली. ती पेटीसुद्धा 'सेट'च म्हणायची!

मुद्रणालयाच्या कारभाऱ्यांचा तगादा सतत होता. काम वेगाने करा, जागा कमी वापरा. अमेरिकेच्या वेबस्टर कोशाच्या एका पानामागे आपली किती पाने जातात याचा हिशेब मागितला जाई, आणि तो हिशेब नेमका साध्या शब्दांपाशी फुगे. राजीनाम्यापर्यंत गोष्टी गेल्या. कारभाऱ्यांचेही सर्वस्वी चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही, पैसा त्यांचा जात होता. पण मरे यांनी मुलाबाळांचा संसार ओढत हा ताण वर्षानुवर्षे सोसला. मुलेही राबली. खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अक्षरवार लावण्याचे काम घरातल्या प्रत्येकाने केले, आणि रॉसफ्रिथ व एल्सी या मुली पुढे कोशाच्याच कामात राहिल्या.

मदत कुठून कुठून आली! फिट्सएडवर्ड हॉल हे अमेरिकन गृहस्थ पूर्वी बनारसच्या सरकारी कॉलेजात शिकवत, संस्कृत ग्रंथ त्यांनी संपादिले होते. ते इंग्लंडच्या एका खेड्यात बसून वर्षानुवर्षे रोज काही तास कोशाची मुद्रिते तपासत. विल्यम मायनर हे अमेरिकी लष्करातले डॉक्टर, जन्म सिलोनचा. मनोविकाराच्या भरात हातून खून झाल्यामुळे ते ब्रॉडमूरच्या इस्पितळात कोंडलेले होते. तिथल्या कोठडीतून त्यांनी हजारो वाक्ये पुरवली. मरे त्यांना भेटायला जात. त्यांच्या बाबतीत मास्तरांनी शब्दांपुढे माणूस विसरला नाही, याचे आम्हाला विशेष वाटते.

१९०८ मध्ये मरे यांना 'सर' ही पदवी मिळाली. ज्या ऑक्सफर्डसाठी आयुष्य घातले त्याने सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९१४ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी. ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत कोश पुरा करण्याची त्यांची उमेद होती. २६ जुलै १९१५ रोजी ते गेले, तेव्हा 'टी' या अक्षराचे काम हातात होते. कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये. चार लाखांवर शब्द, अठरा लाखांवर अवतरणे, साडेपंधरा हजारांच्या जवळपास पाने आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास एकट्या मरे यांच्या संपादनाची. दहा वर्षांचे काम करारापासून एकोणपन्नास वर्षांनी संपले. खरे म्हणजे संपलेच नाही. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली ती वीस खंडांची. नव्या सुधारणेत 'सेट'चा मान गेला. 'रन' म्हणजे धावणे, हे क्रियापद २०११ मध्ये ६४५ अर्थ घेऊन पुढे निघून गेले आणि त्या एका शब्दासाठी एका संपादकाचे नऊ महिने खर्ची पडले. बसवण्याच्या काळाला धावण्याच्या काळाने मागे टाकले, असा विनोद आम्ही वर्गात करतो. मुलांना तो फारसा आवडत नाही.

मोल्सवर्थच्या कोशात 'लागणे' ही नोंद लांब आहे. तिथेही अर्थांची रांगच लागली आहे. पण तो कोश १८३१ चा, आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. एस. टी. लागली म्हणजे फलाटाला लागली की बसून मळमळले, हे त्यात असण्याचे कारण नाही. निकाल लागला, नेटवर्क लागत नाही, फोन लागला, दुकानात पाटी लागली, हे तर पुढचेच. तुमचे ते कोण लागतात या प्रश्नातले लागणे आणि ठेच लागण्यातले लागणे एका मुळाचे कसे, हे आमच्या बाजूला कानडी घरांत वाढलेली मुले मराठी शिकताना विचारतात. आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

म्हणून समितीने पेटी पुन्हा ठेवली आहे. या खेपेस एकच शब्द, 'लागणे'. कागद पोस्टकार्डाएवढा असावा. वाक्य जसे कानावर पडले तसे संपूर्ण लिहावे, सुधारू नये. ते कोणत्या गावी, कोणत्या कामात ऐकले आणि तारीख काय, एवढे खाली घालावे. अर्थ लिहिण्याची गरज नाही. आजपर्यंत एकशे बारा कागद आले आहेत. त्यांतले एकोणीस त्या आठवीतल्या, म्हणजे आता नववीतल्या, मुलाचे आहेत. एक कागद गवंडीकाम करणाऱ्या त्याच्या मामांकडून ऐकलेला आहे आणि त्यातले 'लागणे' आम्हा तिघांपैकी कोणालाच अजून उलगडलेले नाही. पेटी वाचनालयाच्या दाराशी डाव्या हाताला आहे. शनिवारी संध्याकाळी ती उघडतो.